चारूचे आप्पा

६ जानेवारी १९६१, शुक्रवार. अकोला

घसा पार बसला! आज नवा सिनेमा लागला – 'सगुणेचा बाप'. सकाळी नऊपासून टांग्यात उभा राहून पत्र्याच्या कर्ण्यातून बोंबलतो आहे. ओळ मालकांनी दिलेली – "वेड्या बापाची धमाल! हसून हसून पोट दुखेल!" आमच्या टॉकीजचे मालक शेट चंद्रभानजी. त्यांनी सिनेमा अजून पाहिलेला नाही. मीही नाही. रिळांच्या डब्यांबरोबर जे चित्र आलं त्यात एक बाप उलटा सदरा घालून हसतो आहे, तेवढ्यावरून ठरलं – विनोदी!

अमरावतीला बाबांना वाटतं, मी टॉकीजच्या 'कचेरीत' आहे. इंटर अर्धवट टाकून आलेला वेदमूर्तींचा मुलगा वसंता रस्त्यात ओरडत फिरतो हे कळलं तर... कळो! प्रोफेसरांनी माझी कविता भर वर्गात नाकातून वाचून दाखवली. मी त्यांच्या हातातून वही ओढली आणि निघालो तो निघालोच. ही गोष्ट पुन्हा लिहायची नाही असं ठरवलं होतं. लिहिली. असो.

जठारपेठेतून आज टांगा तीनदा नेला. बुधाजी टांगेवाला जुन्या शहरातला, नदीपलीकडचा, त्याला इकडची माणसं ठाऊक नाहीत. पण माझ्या मनातलं तोही आता ओळखून आहे. म्हणाला, "मास्तर, हा घोडाबी त्या घरापाशी आपोआप थांबून राहिला. त्याचंबी लगन जमवाचं का?"

ते घर म्हणजे चारुशीलेचं. कन्याशाळेत शिकवते. नाव पोरींच्या तोंडून कळलं – "चारूबाई, चारूबाई!" दीड महिना झाला, एक शब्द बोललेलो नाही. याआधी दोनदा प्रेमात पडलो होतो, पण ती प्रेमं नव्हती हे आता कळतं.

आज ती दिसली नाही. ओट्यावर त्यांचा तो गडी तेवढा होता – पन्नाशीचा, गोरा, गुबगुबीत, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. टांगा दिसला की टाळ्या वाजवतो. त्याला रोज एक रंगीत जाहिरात देतो. गडी आपला झाला की घरात शिरकाव होतो – असा डाव आहे.

८ जानेवारी, रविवार

मेलो.

लिहायला मन होत नाही. लिहितोच.

सकाळी टांगा जठारपेठेत. गडी ओट्यावर. मला काय अवदसा आठवली! म्हटलं, "बसता का टांग्यात?" तो चपला न घालताच चढला. कागदाचा मुकुट दिला, त्यानं घातला. सदरा उलटा घाला म्हटलं – लगेच काढून उलटा घातला. मग मी कर्णा तोंडाला लावला : "पहा, पहा! सगुणेचा बाप स्वतः अकोल्यात! वेड्या बापाची धमाल!" तो मागोमाग – "धमाल! धमाल!" पोरं मागे लागली, दुकानदार पायऱ्यांवर आले, टिळक रोडपर्यंत ही झुंबड! बुधाजी खूश, घोडा खूश. माझ्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी जाहिरात – असं मी मनात म्हणतो आहे, तोच घोड्याचा लगाम कुणीतरी धरला.

ती! पदर खोचलेला, धावून धाप लागलेली.

"आप्पा, उतरा."

"नाही. धमाल."

तिनं हात पुढे केला आणि माझ्या हातातला कर्णा घेतला. मला वाटलं, डोक्यात घालते. तो तोंडाला लावून गर्दीला म्हणाली, "खेळ संपला. घरी जा." शाळेतला आवाज! पोरं तर पळालीच, दोन दुकानदारही पळाले.

मग रस्त्यातच तिनं त्यांचा सदरा काढला, सुलटा केला, घातला, एकेक गुंडी लावली. ते रडत होते – टांगा सुटला म्हणून. सगळं झाल्यावर माझ्याकडे वळली.

"हे माझे वडील आहेत. यांची समज आठ वर्षांच्या मुलाएवढी आहे. तुमची किती वर्षांची?"

दीड महिना वाट पाहिली त्या पहिल्या शब्दाची. हे ते शब्द.

९ जानेवारी

आज जेवलो नाही. (संध्याकाळी चार आलूबोंडे खाल्ले. त्याला जेवण म्हणत नाहीत.)

१० जानेवारी, मंगळवार

गेलो! शाळा सुटायच्या वेळी दारात जाऊन उभा राहिलो. बुधाजी म्हणाला, "जा मास्तर, लय झालं तर काय, मारतीन. मेलेल्याले मार लागत नाई."

ती आली. मी रात्रभर घोकलेली दहा वाक्यं घेऊन तयार. तिनं पहिलंच अर्ध्यात तोडलं. "माझी माफी कशाला? मला कुणी मुकुट घातला नव्हता. त्यांची मागा."

तिच्या मागोमाग घरी गेलो. आप्पा ओट्यावर बसून माझ्याच जाहिरातींच्या घड्या घालत होते. मी हात जोडले. "आप्पा, चुकलो. क्षमा करा."

ते घाबरले. बाजूला सरकून मला जागा करून दिली, घडी घातलेली एक जाहिरात माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "उद्या टांगा किती वाजता?"

चारू हसली नाही. पण पटकन आत गेली, आणि आत काय करत होती कोण जाणे, दोन मिनिटं बाहेर आली नाही.

११ जानेवारी

सिनेमा पाहिला. दुपारचा खेळ, मागे उभा राहून. विनोदी कसला! सगुणेची आई जाते. तो भाबडा बाप पोरीला वाढवतो, वेणी घालायला शेजारणीकडून शिकतो, पोरगी त्याच्यापेक्षा शहाणी होते, मग लोक तिला बापापासून तोडतात. शेवटी तिच्या लग्नाच्या मांडवाबाहेर तो उभ्या उभ्या मरतो. मी रुमाल शोधत होतो आणि शेजारचे लोक माझ्याकडे पाहून पोट धरायच्या तयारीत – जाहिरात मीच केलेली ना!

शेटजींकडे गेलो. म्हटलं, ओळ बदला. "काय बदलू? चालून राहिलं ना?" मी टेबलावर मूठ आपटली. दौत उलटली. शेवटी म्हणाले, "लिही बाप्पा, काय लिहाचं ते. पन टेबलाले हात लावू नको."

नवी ओळ : "बायाबापड्यांनो, रुमाल आणा! रुमाल विसराल तर पदर भिजेल!"

१३ जानेवारी, शुक्रवार

ती आली! टॉकीजमध्ये! आप्पांना घेऊन, तीनच्या खेळाला. पास मी देत होतो, घेतला नाही. तिकीट काढलं. म्हणाली, "त्यांना रोज ओरडून सांगता, मग पाहू द्या की."

मी दारातला पडदा धरून उभा. अर्ध्यावर तो प्रसंग येतो – बापाला अंगणात उपाशी ठेवतात. थिएटरात सगळं शांत, बायकांचे हुंदके. आणि आप्पा उठून उभे! "अरे, त्याला भूक लागलीय! जेवायला द्या ना त्याला! काय माणसं आहात!"

हशा पिकला. पुढच्या बाकांवरून एकानं भुईमुगाची टरफलं फेकली. "ओ काका, तुमीच वाढा!"

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. बुधाजीच्या सांगण्याप्रमाणे मी तीन बाकं ओलांडली आणि त्या टरफलं फेकणाऱ्याची मानगूट धरून त्याला बाहेर नेऊन बसवला – पाण्याच्या हौदात. माझी बाही फाटली हे खरं. शेटजी धावत आले. चिडलेले. मग त्यांना दिसलं की लोक हौदापाशी उभे राहून विचारताहेत, "आत काय चाललंय?" आणि तिकिटं काढताहेत. मला म्हणाले, "माफ. पन रोज रोज नाई."

जाताना ती थांबली. "तुम्हाला एवढा राग येतो कसा?"

"मला नाही माहीत. येतो."

"आप्पांनाही येतो," म्हणाली. "त्यांचा लवकर जातो."

१४ जानेवारी, संक्रांत

आजचं लिहिताना हसू येतं आणि दुसरंही काही येतं.

दुपारी दारावर गेलो तर आप्पा एकटेच टॉकीजसमोर. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पोळी-भाजी! घरच्या ताटातली उचलून आणलेली. "त्याला द्यायचीय. काल जेवला नाही तो."

कुणाला, ते मला कळायला वेळ लागला. सगुणेच्या बापाला!

डोअरकीपर हसायच्या बेतात होता, मी डोळे वटारले. काय सांगावं? तो पडद्यावरचा आहे, खोटा आहे? म्हटलं, "आप्पा, तो आज जेवलाय. मी पाहिलं."

"काय जेवला?"

"...खिचडी."

"मग ही तू खा. तू जेवला नाहीस."

खरंच जेवलो नव्हतो. त्यांनी कसं ओळखलं? मी पायरीवर बसून खाल्ली. भाजी अंबाडीची. ते समोर बसून घास मोजल्यासारखे बघत होते. चारू शोधत आली, तिनं हे पाहिलं. तिळगूळ काढून आधी आप्पांच्या, मग माझ्या हातावर ठेवला. गोड बोला वगैरे काही म्हणाली नाही. मला बरं वाटलं – ती म्हणाली असती तर मी एखादी कविता म्हटली असती.

१८ जानेवारी, बुधवार

आता रोज शाळा सुटली की अर्धा तास ओट्यावर. टांगाही उभा. आप्पा आणि घोडा यांचं चांगलं जमतं.

तिला विचारलं, सिनेमा कसा वाटला? माझी अपेक्षा, म्हणेल रडले. ती म्हणाली, "सगळं छान. पण शेवटी मारलं कशाला त्याला? मारला म्हणजे सोय झाली. जिवंत ठेवला असता तर लेकीच्या लग्नात कुठं बसवायचा, हे ठरवावं लागलं असतं."

"म्हणजे?"

"आमच्याकडे तेच ठरून राहिलंय," म्हणाली.

मग सगळं सांगितलं. माडीवर तिचे काका राहतात, बापूसाहेब वकील. आप्पांचे थोरले भाऊ. त्यांनी तिच्यासाठी नागपूरचं स्थळ आणलं आहे. मुलाकडच्यांना आप्पांचं सांगितलेलं नाही. "वडील तीर्थयात्रेला गेलेत" असं सांगायचं. कन्यादान काका-काकू करणार. आणि आप्पांना तिवशाजवळच्या शेतावर ठेवून द्यायचं – सालदार बघेल. कायमचं.

"काका वाईट नाहीत," म्हणाली. "आजवर त्यांनीच पाहिलं. त्यांना वाटतं, माझं भलं असंच होईल. आप्पांच्या लग्नातही हेच केलं होतं सगळ्यांनी. लग्न झालं की सुधारेल, म्हणाले. आईला मांडवात कळलं."

"मग?"

"मग काय? आईनं त्यांना दाढी करायला शिकवली. मला वाढवलं. अकरा वर्षांची होते तेव्हा गेली. आता मी लपवून लग्न करू होय?"

मी उठून म्हटलं, जातो वरती, बघतो वकिलाला! तिनं माझ्या बाहीला धरून खाली बसवलं. नवी बाही. तीही उसवली.

२२ जानेवारी, रविवार

आज स्वतःची लाज वाटते. लिहितो.

आप्पांना घेऊन मीच बाजारात गेलो होतो. हौस! मी सांभाळेन म्हटलं. वाटेत त्यांना पाणीपुऱ्या दिसल्या, मग फुगे, मग एका म्हशीशी बोलत पंधरा मिनिटं. तिकडे मला चारच्या आत टॉकीजवर पोचायचं. ओढलं तर रस्त्यात फतकल मारून बसले. मी ओरडलो. खूप ओरडलो. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. कुणीतरी कधीतरी त्यांना असंच ओरडून मारलं असणार.

घरी आलो. चारूला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, मी या कामाचा माणूस नाही.

ती भाजी निवडत होती. "मीही ओरडते," म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात एक चापटही मारली. मग दोघं रडलो आणि भजी खाल्ली. या कामाचा माणूस कुठं मिळतो?"

आप्पा खाटेखाली जाऊन बसले होते. मी पण गेलो. खाटेखाली दोन माणसं मावत नाहीत. डोकं आपटलं माझं. ते इतके हसले, इतके हसले!

२९ जानेवारी, रविवार

नागपूरचे आले आणि गेले!

बुधाजीनंच त्यांना स्टेशनवरून आणलं, म्हणून सगळं कळलं. आप्पांना सकाळीच माडीवर कोंडलेलं. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीचे वडील?" बापूसाहेबांनी तोंड उघडायच्या आत चारू पोह्यांचं ताट ठेवून उठली, माडीवर गेली, कडी काढली, आप्पांना हात धरून खाली आणलं आणि सांगितलं, "हे वडील."

आप्पांनी सगळ्यांना नमस्कार केला. मग मुलाच्या मामाच्या बशीतले पोहे खाल्ले. म्हणाले, "मिरची जास्त झाली."

बुधाजी सांगतो, "बाप्पा, परत जातानी टांग्यात असे बसून होते जसे मयतीले गेलते!"

बापूसाहेब तिला म्हणाले, "आता तुझं तू बघ. मी पुन्हा मध्ये पडणार नाही." दुपारपासून दार लावून बसलेत. वाईट वाटतं. थोडंसंच.

३१ जानेवारी

विचारलं!!!

मध्ये आप्पा बसलेले, घोड्याला गूळ देत. मी म्हटलं, "माझ्याशी लग्न कर." पुढचं पाठ केलेलं सगळं विसरलो.

"तुम्ही रागीट आहात."

"आहे."

"कॉलेज अर्धवट सोडलंय."

"सोडलंय."

"आप्पा माझ्यासोबत असतील. कायम. वजाबाकी करून मी मिळणार नाही."

"मला बेरीज येते," मी म्हटलं. काय मूर्खासारखं बोललो! पण ती हसली. या वेळी आत न जाता हसली. "तुमच्या घरून रीतसर होकार आणा. पळून-बिळून जाणार नाही मी. त्यांना एकदा लपवलं गेलंय, पुन्हा लपवून काही नको."

५ फेब्रुवारी, रविवार. अमरावती

घरी आलो. टांगा, कर्णा, हौद, चारू, आप्पा – एका दमात सगळं सांगितलं. आईनं हातातली कणीक तशीच धरून ऐकलं. बाबा पाटावर बसून पंचांग वाचत होते ते वाचतच राहिले.

मग म्हणाले, "गोत्र?"

सांगितलं. वेगळं निघालं, अडचण नाही.

"मुलगी शिकलेली आहे, धीट आहे. मला आवडली. आता दोन गोष्टी. रीत अशी की मुलीच्या बापानं मुलाच्या दारात यायचं आणि तोंडानं सांगायचं, मुलगी देतो. काका नको, मामा नको. बाप हयात आहे, त्यानं यावं."

"बाबा, त्यांना कसं –"

"दुसरी. लग्नानंतर ते तुमच्याकडे राहणार म्हणतोस. मुलीच्या घरचं बाप पाणीसुद्धा पीत नाही, नातू होईपर्यंत. आणि हे राहायलाच येणार? मी साऱ्या अमरावतीला ही रीत सांगतो. माझ्याच घरात मोडू?"

मी ताड्कन उठलो. ओरडणार होतो. आप्पांनी झाकून घेतलेलं डोकं आठवलं. बसलो. बाबांनी पंचांगातून वर पाहिलं – मी ओरडलो नाही म्हणून, बहुतेक.

आई मागल्या दारी म्हणाली, "पहिली गोष्ट तर होऊ दे. दुसरीचं दुसऱ्या दिवशी."

९ फेब्रुवारी. अकोला

तालीम सुरू! वाक्य चारूनं करून दिलं : "माझी मुलगी चारुशीला मी आपल्या चिरंजीवांना देतो." आप्पा कर्ण्यातून म्हणतात. कर्ण्याशिवाय म्हणत नाहीत.

१३ फेब्रुवारी

कर्ण्याशिवाय म्हणाले! घोड्याला म्हणाले, भाजीवालीला म्हणाले, पोस्टमनला म्हणाले. पोस्टमन बिचारा विवाहित. घाबरून गेला.

१६ फेब्रुवारी

वाक्य पक्कं. झोपेतून उठवून विचारा. चारू काळजीत. म्हणते, "पाठ झालंय. कळलंय का, ते मला माहीत नाही. 'देतो' म्हणजे काय, मी दहादा सांगितलं. तेही आपल्यासोबतच राहणार, हेही सांगितलं. मान हलवतात."

मुलीनं सोबत जायची रीत नाही. मी आधीच घरी असायला हवा. आप्पांना रेल्वेनं घेऊन बुधाजी येणार. तो म्हणतो, "मी मुलीकडला पाव्हना! पागोटं घालतो."

१९ फेब्रुवारी, रविवार. अमरावती

आले! बडनेऱ्याला गाडी बदलून, अंबादेवीचं दर्शन घेऊन, बरोबर दहाला दारात. बुधाजीचं पागोटं भलंमोठं, आप्पांच्या गळ्यापर्यंत गुंड्या. बाबांनी स्वतः पुढे होऊन पाय धुवायला पाणी दिलं. रीत म्हणजे रीत. मी आतल्या दाराशी, आई माझ्या मागे, माझ्या दंडाला चिमटा धरून.

आप्पा बसले. बाबांकडे पाहिलं. आणि एका श्वासात, स्वच्छ : "माझी मुलगी चारुशीला मी आपल्या चिरंजीवांना देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी! बुधाजीनं मांडीवर थाप मारली.

इथं बाबांनी "विचार करून कळवतो" म्हणायचं असतं. ते म्हणाले नाहीत. पुढे वाकून हळूच विचारलं, "कमलाकांतराव, देतो म्हणजे काय, कळतं ना तुम्हाला? मुलगी आमच्या घरची होणार. तुमच्या घरी नसणार."

कमलाकांतराव! हे त्यांचं नाव आहे हे मीही विसरलो होतो.

आप्पांचा चेहरा हळूहळू बदलला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "घरी नसणार?"

"नसणार."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळीही."

ते उठूनच उभे राहिले. "मग नाही देत! चारू नाही देत मी. चल रे बुधाजी."

संपलं! मी दारातून बाहेर पाऊल टाकलं, आईनं मागे ओढलं. बुधाजी त्यांच्या हाताला धरून, "असं काहून करता आप्पा, धा दिस घोकलं ना आपन –" पण आप्पा ऐकेनात. उंबऱ्यापर्यंत गेले. थांबले. कपाळाला आठ्या, बोटांनी काहीतरी हिशेब. मग परत आले, बाबांच्या अगदी समोर बसले आणि विचारलं,

"तुमच्याकडे किती आहेत?"

"काय किती?"

"मुलगे."

"तीन," बाबा म्हणाले.

"माझ्याकडे एकच आहे चारू. तुमच्याकडे तीन. मग तुमचाच एक द्या ना मला! हा द्या, वसंता. तो खाटेखाली येतो. मी त्याला नेतो. जेवायला घालीन."

आईच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. बुधाजीचं पागोटं डोळ्यांवर आलं. बाबा मात्र तसेच बसलेले. तीस वर्षं लग्नं लावली या माणसानं, त्यांना कुणी कधी असं मागणं घातलं नसेल!

मग म्हणाले, "विचार करून कळवतो."

"आत्ता सांगा. गाडी आहे," आप्पा म्हणाले.

"आठ दिवसांत कळवतो," बाबा म्हणाले आणि त्यांना उपरणं पांघरलं. घरातलं मुलीच्या बापाला देतात ते नव्हे. स्वतःच्या खांद्यावरचं.

२० फेब्रुवारी

बाबा पोथ्या काढून बसलेत. आईनं विचारलं, काय शोधता? म्हणाले, "जावई सासऱ्याच्या घरी राहिला तर सासऱ्यानं पाणी पिण्याला काही अडचण नसते. घर त्याचंच." एवढंच. पुन्हा पोथी.

थोरला दादा म्हणतो, घरजावई! लोक काय म्हणतील? मी त्याला काहीतरी फेकून मारणार होतो. जवळ फक्त उशी होती.

२१ फेब्रुवारी

मी वाट बघून राहिलो. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उठलो तर बाबा धूत धोतर, कोट, काठी अशा थाटात. हातात नारळ. म्हटलं, कुठं लग्न आहे?

"अकोल्याला निघालो," म्हणाले. "या सोयरिकीत देणारा मी आहे. देणाऱ्यानंच घेणाऱ्याच्या दारात जायचं असतं." वहाणा घालताना थांबले. "ते नको म्हणाले तर रे?"